चित्र तेच, चौकोन वेगळे

वुलनगाँग, ऑस्ट्रेलिया

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

आई फोनवर बोलत असताना मागून तू ओरडलास, "ताई, चित्र तेच आहे, मग अल्जिब्रा वेगळा कसा?" हे फोनवर सांगण्यासारखं नाही, कागद लागतो. चित्र म्हणजे बिंदू आणि बाणांचा आलेख; अल्जिब्रा म्हणजे त्यावरून बनणारा सी-स्टार अल्जिब्रा, म्हणजे बेरीज, गुणाकार आणि * (अ‍ॅडजॉइंट) करता येणारा ऑपरेटरांचा संच.

आधी एका रंगाचं. प्रत्येक शिरोबिंदूला एक प्रक्षेप (एका उपअवकाशावर सावली टाकणारा ऑपरेटर; सगळे एकमेकांना लंब) आणि प्रत्येक बाणाला एक आंशिक आयसोमेट्री (एका उपअवकाशावर लांबी राखणारा, त्याला लंब भागावर शून्य होणारा ऑपरेटर). बाण क असेल तर क*क म्हणजे तो जिथून निघतो त्या बिंदूचा प्रक्षेप. आणि एका बिंदूत शिरणाऱ्या सगळ्या बाणांच्या कक* ची बेरीज म्हणजे त्या बिंदूचा प्रक्षेप. हा दुसरा नियम शिरणारे बाण मर्यादित असतील आणि निदान एक तरी असेल तिथेच लाव. अनंत बाण असले तर ती बेरीज नॉर्ममध्ये (ऑपरेटरच्या मापात) अभिसरत नाही. एकही नसला तर बेरीज शून्य, म्हणजे बिंदूच पुसला जातो. काही लेखक दिशा नेमकी उलटी धरतात. इथे ऑस्ट्रेलियात सहसा मी लिहिलीय तशी, कारण मग वाट ऑपरेटरांच्या गुणाकारासारखी उजवीकडून डावीकडे वाचता येते. पेपर हातात घेतलास की पहिलं हे बघ, नाहीतर सगळी प्रमेयं उलटी वाटतील.

एक बिंदू, एक फास (त्याच बिंदूतून निघून त्यातच शिरणारा बाण): वर्तुळावरची सतत फलनं. एक बिंदू, दोन फास: गणितज्ञ कुंट्झचा १९७७ चा ओ-२ नावाचा अल्जिब्रा.

आता दोन रंग, कुमजियन आणि पास्क यांच्या २००० च्या पेपरातले. एकच बिंदू घे, निळे फास क१, क२ आणि लाल ल१, ल२; प्रत्येक रंग वरचे नियम आपापला पाळतो. चित्र एवढंच. पण अट अशी की प्रत्येक निळी-लाल वाट एकाच लाल-निळ्या वाटेशी जुळली पाहिजे. अशा एका जोडीला चौकोन म्हणायचं. निळ्या-लाल वाटा ४, लाल-निळ्या ४, म्हणून जुळण्या २४. चित्रात यातली एकही दिसत नाही. दोन्ही रंगांची मॅट्रिक्सं (कुठून कुठे किती बाण याचे तक्ते) तर नुसती (२) आणि (२), त्यांच्याकडे बघून काय कळणार!

पहिली जुळणी: कᵢलⱼ = लⱼकᵢ. निळे आणि लाल एकमेकांना अडवत नाहीत, त्यामुळे ओ-२ आणि ओ-२ यांचा टेन्सर गुणाकार (दोन्ही एकमेकांना न अडवता एकत्र केलेले) मिळतो. तो गणितज्ञ एलियटच्या प्रमेयाने पुन्हा ओ-२ च, म्हणजे सिंपल (ज्याला भागून लहान, शून्य नसलेला अल्जिब्रा काढता येत नाही असा).

दुसरी: कᵢलⱼ = लᵢकⱼ. अंक जागेवर, रंगांची अदलाबदल. इथे उ = क१ल१* + क२ल२* घे. लᵢ*लⱼ हे i ≠ j असताना शून्य, म्हणून उलⱼ = कⱼ. उलट बाजूने लⱼउ = लⱼक१ल१* + लⱼक२ल२*; चौकोन वापरलास की लⱼकᵢ च्या जागी कⱼलᵢ येतं, आणि कⱼ(ल१ल१* + ल२ल२*) = कⱼ. म्हणजे उ लालांशी क्रमनिरपेक्ष (गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर तेच); निळे कⱼ = उलⱼ, म्हणून त्यांच्याशीही. उ युनिटरी आहे (उ*उ = उउ* = १) हे तू ताडून बघ. तो नुसता आकडाही नाही: निळ्या बाणांना मापांक १ असलेल्या (पण १ नसलेल्या) संमिश्र संख्येने गुणलं, लाल तसेच ठेवले, की नियम तेच राहतात पण उ बदलतो. केंद्रात (सगळ्यांशी क्रमनिरपेक्ष असणाऱ्यांत) असा घटक असला की अल्जिब्रा सिंपल राहत नाही. हा निघतो वर्तुळावरची सतत फलनं आणि ओ-२ यांचा टेन्सर गुणाकार.

म्हणून सेमिनारला फळ्यावर चित्राआधी चौकोनांचा तक्ता लिही. दोन रंगांत कुठलीही जुळणी चालते. तिसरा रंग आला की घन तपासावा लागतो: निळा-लाल-हिरवा पासून हिरवा-लाल-निळा पर्यंत चौकोन बदलत जायचे दोन मार्ग आहेत, दोन्हींचं उत्तर एकच यायला हवं. बहुतेकांचं गणित इथेच फसतं, कारण प्रत्येक चौकोन सुटा बघितला तर बरोबर असतो.

उरलेल्या २२ पैकी एखादी घेऊन शनिवारी फोन कर. आईबाबांना नमस्कार.

तुझी,
ताई