एम.ए. पत्रकारिता करताना

चि. मैत्रेयीस,
अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेचं दोन वर्षांचं एम.ए. करावं की कुठेतरी वर्षभराची पदविका, हे तुझं अजून ठरत नाहीये. पुढे शिकवावंसं किंवा पीएच.डी. करावीशी वाटण्याची जराशी जरी शक्यता असेल, तर एम.ए.च कर. सहायक प्राध्यापकपदासाठीच्या ‘नेट’ या पात्रता परीक्षेला पदव्युत्तर पदवी लागते, खुल्या गटात 55 टक्क्यांसह. वर्षभराच्या पदविकेवर तिथे विसंबून चालत नाही. फक्त बातमीदारीच करायची असेल तर भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेची पदविका आहे, तिचाही विचार कर.

मला विचारशील तर एम.ए. कर, पण शेवटच्या सत्राचा प्रबंध म्हणजे कागदपत्रांवर उभी राहिलेली एक मोठी बातमी असू दे. ‘समाजमाध्यमांचा तरुणांवर परिणाम’ असला विषय घेऊन, ओळखीच्या शंभर जणांकडून गूगल फॉर्म भरून घेऊन केलेले प्रबंध कपाटात जातात. नोकरीच्या मुलाखतीत ते कोणी उघडून बघत नाही. मार्गदर्शक संशोधनपद्धती विचारतील, तेव्हा ‘दस्तऐवजांचे विश्लेषण आणि मुलाखती’ म्हणून सांग.

विषय लहान घे. ‘महाराष्ट्रातील पाणीटंचाई’ नको. एका तालुक्यातल्या टँकरचा एका उन्हाळ्याचा हिशेब पुरे. त्यासाठी माहिती अधिकार लागेल, आणि विद्यार्थी हमखास अडकतात ते तिथेच. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. शुल्क 10 रुपये. अर्जात ‘टँकर वेळेवर का येत नाहीत?’ असं विचारलंस तर उत्तर येणार नाही, आणि त्यात अधिकाऱ्याची चूकही नसेल. ‘का’ची कारणमीमांसा म्हणजे माहिती नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 साली म्हटलेलं आहे. कायदा देतो तो अस्तित्वात असलेला कागद. म्हणून कागदाचं नाव घेऊन माग: ‘अमुक तालुक्यातील 1 मार्च ते 30 जून या काळातील टँकरच्या लॉगबुकांच्या छायाप्रती आणि याच काळातील देयकांच्या प्रती.’ लॉगबुकातल्या फेऱ्या आणि देयकातल्या फेऱ्या शेजारी-शेजारी मांडल्यास की बातमी असली तर तिथेच दिसते. प्रतींचा ढीग मोठा होणार असेल तर आधी अभिलेख पाहणीचा अर्ज कर, आणि हवी तीच पानं माग.

मुदतीचं गणित आत्ताच मांडून ठेव. उत्तराला 30 दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याच्या निकालाला 30, फार तर 45 दिवस. म्हणजे अपील लगेच केलंस तरी अडीच महिने जाऊ शकतात. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे जातं, ते तुझ्या सत्राच्या वेळापत्रकात बसणारच नाही. तेव्हा अर्ज तिसरं सत्र सुरू होताच टाक. चौथ्या सत्रात टाकणाऱ्यांच्या प्रबंधात ‘माहिती अप्राप्त’ एवढंच उरतं.

आकड्यांचा वेगळा तास मिळेल न मिळेल, अंदाजपत्रक वाचायला स्वतःच शीक. महापालिकेच्या पुस्तकात मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद असे वेगळे रकाने असतात. बातम्या बहुतेक वेळा तरतुदीवर छापल्या जातात, खर्च किती झाला हे कोणी मागे वळून पाहत नाही. जुनी दोन-तीन पुस्तकं समोर ठेवून तू पाहा. टक्क्यांतही घसरायला होतं: 40 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर जाणं ही 10 टक्के वाढ नाही. ती 10 टक्के-बिंदूंची, म्हणजे मूळच्या 25 टक्के वाढ.

माध्यम कायद्याचा पेपर पाठांतरावर काढू नकोस. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पूर्वी तो दंड संहितेच्या 228-अ मध्ये होता, जुन्या नोट्समध्ये तोच आकडा सापडेल. पीडित बालक असेल तर पोक्सोचं, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याचं, कलम 23 आणखी कडक आहे, त्यात शाळा, कुटुंब आणि परिसरही येतो. ‘नाव बदलले आहे’ असं लिहून पुढे गावाचं नाव, वडिलांचा धंदा आणि मुलीची इयत्ता दिली, तर गावातल्या माणसाला आणखी काय हवं?

टायपिंग इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, युनिकोडमध्ये कर. काही कचेऱ्यांत अजून जुने फॉन्ट चालतात, त्यासाठी कन्व्हर्टर असतात. पण रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, म्हणून नंतर एकदा डोळ्यांखालून घाल.

इंटर्नशिपसाठी सगळे मुख्य कार्यालयाच्या मागे लागतात. तू जिल्हा आवृत्ती माग. जिल्हा परिषद, न्यायालय, पोलीस ठाणं एकाच आठवड्यात पायाखालून जातं आणि माणसं कमी असल्यामुळे बातमी लिहायलाही मिळते. छापून आलं की त्याच दिवशी पानाची पीडीएफ ठेवून दे, कारण संकेतस्थळावरच्या लिंका वर्षभरात तुटतात.

विषय ठरला की अर्जाचा मसुदा आधी मला पाठव. 150 शब्द तू मोजून पाठव, त्यातला ‘का’ मी शोधते.

तुझी,
आई