जागेत हिस्सा घेताना सांभाळण्याचा हिस्साही लिहा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

वडिलोपार्जित जागेवरून भावंडे कोर्टात गेल्याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात वरचेवर येतात. मी गेली अनेक वर्षे वकिलांच्या कार्यालयात दस्त टाइप करण्याचे काम करते. वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, सगळे हाताखालून जाते. माझ्या पाहण्यात, भाऊबहिणी जागेच्या चौरस फुटांवरून जेवढे भांडतात त्याहून जास्त भांडतात ते आई-वडिलांचे शेवटी कोणी केले, कोणी किती पैसे घातले आणि कोणी नुसती फोनवर चौकशी केली यावरून. हे सगळे मनात साठत जाते आणि वाटणीच्या दिवशी बाहेर पडते.

एक बाई वडिलांच्या निधनानंतर वाटणीसाठी आल्या होत्या. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हापासूनची वही त्यांच्याजवळ होती. औषधे, डायपर, हवेची गादी, फिजिओथेरपी, रात्रपाळीच्या आयाचा पगार, सगळे तारीखवार, बिले पानांना स्टेपल केलेली. भावांनी वही उघडली नाही. थोरला म्हणाला, "तुला लिहून ठेवायला कोणी सांगितलं होतं? म्हणजे बाबांचं तू पैशासाठी केलंस?" त्यावर त्या बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी वडिलांसाठी नोकरी सोडली होती, आणि ती त्या वहीत कुठेच नव्हती.

वकीलही फार काही करू शकले नाहीत. मृत्युपत्र नव्हते. मृत्युपत्र नसले की 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगे, मुली आणि विधवा पत्नी यांना समान हिस्से मिळतात. उशाशी कोण बसले होते हे तो कायदा विचारत नाही. सुनेची गत तर याहून वाईट. बहुतेक घरांत प्रत्यक्ष अंग पुसणे, भरवणे, रात्री उठणे तिच्याकडे असते आणि नवरा हयात असेपर्यंत सासू-सासऱ्यांच्या मिळकतीत वारस म्हणून तिचे नाव येत नाही.

मला म्हणायचे आहे ते एवढेच की मिळकतीचा हिस्सा आणि सांभाळण्याच्या खर्चाचा हिस्सा एकाच वेळी, आई-वडील हयात असताना, त्यांच्यासमोर, कागदावर ठरला पाहिजे. ही कल्पना माझी नाही. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण कायद्यात ती आहे. ज्या ज्येष्ठांना मूलबाळ नाही त्यांच्यासाठी कलम 4 मध्ये म्हटले आहे की त्यांची मिळकत ज्या नातेवाइकांना मिळणार आहे त्यांनी त्यांना सांभाळायचे, आणि असे नातेवाईक एकाहून जास्त असतील तर जो ज्या प्रमाणात वारसा घेणार त्याने त्या प्रमाणात खर्च उचलायचा. पुतण्याला आणि भाच्याला लागू असलेला हा न्याय सख्ख्या भावंडांनी आपणहून का लावून घेऊ नये? जो जवळ राहून हाताने करतो त्याच्या श्रमाची रक्कम धरायची, आणि जो लांब आहे त्याने पैशाने भरपाई करायची. दरमहा, आई-वडील असतानाच. नंतर जागेतून वळती करू म्हटले की तंटा आलाच.

आता बक्षीसपत्राविषयी, कारण खरे नुकसान तिथे होते. राहते घर मुलाच्या नावे करून द्यायला वृद्ध आई येते. मसुदा ठरलेला असतो: "नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता." मुलगा मला सांभाळेल हे तिच्या मनात असते. मुलाच्याही असते, त्या दिवशी तरी. दस्तात मात्र त्याचा एक शब्द नसतो. आणि नोंदणीकृत बक्षीसपत्र मन बदलले म्हणून एकतर्फी रद्द होत नाही. मृत्युपत्र हवे तेव्हा बदलता येते, बक्षीसपत्राचे तसे नाही, हा फरक सही करणाऱ्या कितीतरी जणांना सहीनंतर कळतो.

2007 च्या कायद्याच्या कलम 23 मध्ये यावर उपाय आहे. मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर ज्येष्ठाने मिळकत दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झाल्याचे मानून याच कायद्याखालचे निर्वाह न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते. पण अट हवी. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: अट होती हे दिसत नसेल तर या कलमाचा लाभ नाही. पुढे 2 जानेवारी 2025 रोजी त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द केले आणि घराचा ताबा तिला परत द्यायला सांगितले. या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा, असेही त्या निकालात आहे. मात्र त्या आईजवळ मुलाने सांभाळ करण्याचे लिहून दिलेले वचनपत्र होते. ज्यांच्याजवळ असे काहीच नाही त्यांनी कोर्टाच्या उदारपणावर किती विसंबावे?

म्हणून माझी नोंदणी विभागाला जाहीर विनंती आहे. साठ वर्षांवरील व्यक्ती बक्षीसपत्र करायला आली की दुय्यम निबंधकांनी तिला घेणाऱ्यापासून बाजूला बसवून दोनच प्रश्न विचारावेत: सांभाळण्याची अट दस्तात घालायची आहे का, आणि तहहयात राहण्याचा हक्क राखून ठेवायचा आहे का. उत्तर दस्ताला जोडावे. पाच मिनिटांचे काम आहे. आज अंगठा आणि फोटो घ्यायला त्याहून जास्त वेळ जातो.

मुलींचेही एक सांगायला हवे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि वडील दुरुस्तीच्या वेळी हयात असणे आवश्यक नाही हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. तसेच आई-वडिलांना पोसण्याची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरही आहे, हे त्याच न्यायालयाने 1987 मध्येच सांगितले होते. आमच्याकडे मात्र आधी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, "माहेर तुटू देऊ नकोस" म्हणून, आणि चार वर्षांनी आईला ठेवून घेण्यासाठी त्याच बहिणीला फोन जातो. तिला हक्क सोडायचाच असेल तर तिने जरूर सोडावा, पण मग भाऊ आईचा खर्च उचलणार हे त्याच कागदावर लिहून घ्यावे. आणि जी हिस्सा घेणार आहे तिनेही खर्चातून अंग काढू नये.

आई-बापाचा कसला हिशेब, असे पुष्कळ जण म्हणतील. ही भावना मला समजते. पण हे वाक्य मी बहुधा अशा माणसाच्या तोंडून ऐकले आहे ज्याने खर्च केलेला नसतो. ज्याने केला आहे तो गप्प असतो. आकडा ठरलेला असला की आईला कोणाच्याही घरी मिंधेपणाने राहावे लागत नाही.

सरकारनेही एक गोष्ट करावी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाह रकमेची कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये आहे, आणि ती तेव्हापासून तशीच आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला त्यात पूर्णवेळ मदतनीसही ठेवता येत नाही. 2019 मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात ही मर्यादा काढून टाकायची होती, पण ते मंजूर झाले नाही. ते पुन्हा आणावे.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज कसा करायचा याची माहिती ठळक जागी छापावी. न्यायाधिकरणाचे काम उपविभागीय अधिकारी दर्जाचा किंवा त्याहून वरचा अधिकारी पाहतो. ज्येष्ठाला स्वतः अर्ज करता येत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. निर्वाह रकमेच्या अर्जाचा निकाल समोरच्याला नोटीस लागल्यापासून 90 दिवसांत, फार तर आणखी 30 दिवसांत, लागला पाहिजे असे कायदा सांगतो. हे माहीत नसल्याने कितीतरी म्हातारी माणसे आमच्या कार्यालयात येऊन आधी दिवाणी दाव्याचा खर्च विचारतात आणि तो ऐकून परत जातात.

कळावे,
आपली,
एक वाचक