उपाशीपोटी साखर वाढते कशी?

प्रिय सुध्या,

रिपोर्ट पाहिला. रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही घेतलं नाही, तरी सकाळी रक्तातली साखर 162, म्हणजे लॅबवाल्यानं घोळ घातला, असं तुझं म्हणणं. लॅबवाल्याला उगाच शिव्या घालू नकोस. ती साखर तुझ्याच यकृतानं रात्रभर बसून बनवलीय.

यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साधारण 100 ग्रॅम साखर साठलेली असते. (क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं हे ग्लायकोजेन 1857 मध्ये वेगळं काढलं.) खाणं थांबलं की यकृत हा साठा रक्तात सोडतं, आणि जोडीला अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक), ग्लिसरॉल (चरबीचा घटक) वगैरेंपासून नवी साखरही घडवतं. मेंदूला ती लागतेच. याला आवर घालतं इन्शुलिन हे संप्रेरक. तुझ्या टाइप टू मधुमेहात यकृत त्याला पुरती दाद देत नाही, म्हणून कारखाना गरजेपेक्षा जास्त चालतो. तुझी मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः तिथंच काम करते.

आता तुझी एकादशी. मला उपवासापेक्षा तुझ्या फराळाची धास्ती आहे! दिवसभर कोरडं राहायचं आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याची भाजी. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. उंदरांना दोन दिवस उपाशी ठेवून मग भरपूर पिष्टमय खाऊ घातलं, तर यकृतातली चरबी बनवणारी एन्झाइम्स नेहमीच्याही वर उसळतात. इन्शुलिनच नसलेल्या मधुमेही उंदरांत मात्र ती उसळी येत नाही, इन्शुलिन टोचलं की येते. तुझ्यात इन्शुलिन आहे. ‘साखर थांबव’ हे यकृत ऐकत नाही, ‘चरबी कर’ हे मात्र निमूट ऐकतं. सोयीचं तेवढंच ऐकू येणारे लोक आपण ऑफिसात पाहिलेत की.

म्हणजे कमी खाणं वाईट, असं नाही. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या डॉ. रॉय टेलर यांनी 2011 मध्ये काही टाइप टू रुग्णांना आठ आठवडे रोज फक्त 600 कॅलरींवर ठेवलं. आठवड्याभरातच उपाशीपोटीची साखर ताळ्यावर आली, यकृतातली चरबीही उतरली. पण ती माणसं रोज बेतानं खात होती, डॉक्टरांच्या नजरेखाली होती. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हा प्रकार तिथं नव्हता.

तेव्हा निर्जळी नको. फराळाला दही, मूठभर शेंगदाणे, एखादी काकडी, आणि खिचडी खायचीच तर वाटीभर. तुझी दुसरी गोळी ग्लिमेपिराइड (इन्शुलिन वाढवणारी) असेल आणि ती घेऊन उपाशी राहिलास, तर साखर धाडकन उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी) चालू असेल तर उपवासात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, वाढण्याचा धोका. गोळ्या मनानं बंद करू नकोस, दशमीच्या आधी डॉक्टरांना गाठ आणि त्या दिवशी कुठली किती घ्यायची ते लिहूनच घे.

तुझ्या चिठ्ठीचा फोटो अगदीच धूसर आलाय, दुसऱ्या गोळीचं नाव वाचता येत नाही. परत पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिन्या