चोर कोण, ते आवाजाने सांगू नये

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलेस की, हल्ली यंत्रच हव्या त्या आवाजात पुस्तक वाचून दाखवते, मग मी पहाटे साडेचारला उठून, पंखा बंद करून, कोणाला आठवतही नसलेल्या मुलांच्या रहस्यकथा कशासाठी वाचत बसतो. त्या वेळी घरात पाहुणे होते, म्हणून मी थोडक्यात आटोपले. पण तुझा प्रश्न मनातून जाईना. शिवाय तुझ्याकडे एक मागणेही आहे, तेव्हा सविस्तरच लिहितो.

मी ज्या लिब्रिवॉक्ससाठी वाचतो, तो उपक्रम २००५ साली मॉन्ट्रियलच्या ह्यू मॅग्वायर यांनी सुरू केला. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके स्वयंसेवकांनी आपापल्या घरी बसून वाचायची आणि ते ध्वनिमुद्रण सर्वांना विनामूल्य मिळावे म्हणून इंटरनेट अर्काइव्ह या विनामूल्य डिजिटल ग्रंथालयात ठेवायचे, असे हे काम आहे. वाचणाऱ्याला मानधन नाही. मुद्रणावरचा आपला हक्कही तो सोडून देतो. वाचन माणसाचेच लागते, यंत्राचा आवाज तिथे घेत नाहीत. उच्चार कोणत्या देशाचा आहे यावरून मात्र कोणालाही परत पाठवत नाहीत, आणि म्हणूनच बडोद्याच्या मराठी माणसाच्या इंग्रजीला तिथे जागा मिळाली.

माझा ओढा मुलांच्या जुन्या रहस्य-साहसकथांकडे का, हे तुला सांगायला नकोच. परंतु ही पुस्तके विस्मृतीत का गेली, ते मला अलीकडेच नीट कळले. अमेरिकेत एडवर्ड स्ट्रॅटेमायर यांनी अशा मालिकांचा एक कारखानाच उभा केला होता. कथेचा आराखडा ते स्वतः करीत, पुस्तक ठरलेल्या मोबदल्यात दुसऱ्याकडून लिहून घेत, आणि मुखपृष्ठावर कल्पित लेखकाचे नाव घालून पन्नास सेंटला विकत. मुले त्यांवर तुटून पडत, पण अनेक ग्रंथपालांना ती नजरेसमोर नको होती. १९१४ साली अमेरिकन बॉय स्काउट्सचे मुख्य ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज यांनी तर, अशा पुस्तकांनी मुलांची कल्पनाशक्ती स्फोटासारखी उद्ध्वस्त होते, असा लेखच लिहिला. ज्या पुस्तकांना ग्रंथालयाचे कपाट मिळाले नाही ती घरोघर हाताळून फाटली, आणि त्यांचा स्वस्त कागद पिवळा पडून तुकडे होऊ लागला. आज त्यांतली जी वाचता येतात, त्यांतील कितीतरी प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुनी पुस्तके संगणकावर विनामूल्य ठेवणाऱ्या उपक्रमाच्या स्वयंसेवकांनी एकेक पान मूळ प्रतीशी ताडून उतरवली, म्हणून शिल्लक आहेत.

हे वाचताना मला आपले मांडवीचे मध्यवर्ती ग्रंथालय आठवत होते. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन यांना अमेरिकेहूनच आणले आणि त्यांच्याकडून ग्रंथालयांची व्यवस्था लावून घेतली, त्यात मुलांसाठी स्वतंत्र विभाग ठेवला. वरच्या मजल्याच्या काचेच्या जमिनीतून खाली झिरपणारा तो हिरवट उजेड तुला आठवत असेल. मुलाने काय वाचावे याची काळजी दोन्हीकडे होती. पण आपल्याकडे मनाई करण्याआधी दार उघडले गेले, याबद्दल मला महाराजांविषयी फार कृतज्ञता वाटते.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. तू मे महिन्यात आमच्या गच्चीवर आम्हा सहा जणांना कंदिलाच्या उजेडात पुस्तक वाचून दाखवायचास. रद्दीवाल्याकडून आणलेल्या त्या एका पुस्तकाची शेवटची पाने फाटलेली होती. हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते आणि तू आम्हाला चार रात्री त्याचा पत्ता लागू दिला नाहीस. शेवट तू मनानेच रचलास. ते आम्हाला कळले तेव्हाही कोणी तुझ्यावर रागावले नाही. रहस्यकथा मोठ्याने वाचणाऱ्याला सगळे माहीत असते आणि त्याने ते सांगायचे नसते. तुला हे उपजत साधले होते, मला साठीनंतर शिकावे लागले.

कसे शिकलो तेही सांगतो. गेल्या वर्षीच्या एका पुस्तकात बंगल्याचा वृद्ध रखवालदार तिसऱ्या प्रकरणात मुलांना म्हणतो, "ती किल्ली मी कधी पाहिलीच नाही." चोर तोच, पण ते उघड होते एकविसाव्या प्रकरणात. मी ते वाक्य जरा थांबून, "कधी"वर जोर देऊन वाचले होते. संध्याकाळी प्रकरण तपासण्यासाठी लावले, तर सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "हाच चोर ना?" तिने पुस्तक पाहिलेलेसुद्धा नव्हते. लेखकाने अठरा प्रकरणे जपलेली गोष्ट मी एका शब्दात सांगून टाकली होती, आणि कुठल्या तरी गावात झोपण्यापूर्वी ऐकत बसलेल्या मुलाचा तो आनंद माझ्यामुळे गेला असता. दुसऱ्या दिवशी पहाटे ते वाक्य अकरा वेळा वाचले. रखवालदार भाजीचा भाव सांगतो आहे असे मनात धरले, तेव्हा कुठे ते बसले.

यंत्र हे वाक्य सपाट वाचेल आणि चोर लपवील, असे तू म्हणशील. लपवील खरे, पण ते चोराचे वाक्य लपवील तसेच मुलांच्या भीतीचेही लपवील. जिथे बोलायचे तिथे आवाजाने बोलावे आणि जिथे गप्प राहायचे तिथेच गप्प राहावे, हा विवेक ज्याने शेवट वाचला आहे आणि ज्याला ऐकणाऱ्याची काळजी आहे त्याच्याकडूनच होतो.

बाकीचे काम कष्टाचे आहे, पण अवघड नाही. कपाटाचे दार उघडून आत गोधड्या टांगल्या की आवाज घुमत नाही. कबुतरे घुमू लागण्यापूर्वी आणि दुधवाल्याची स्कूटर येण्यापूर्वी एक प्रकरण उरकायचे. उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या गोंगाटाच्या, आठवड्यात तर मी मायक्रोफोन काढतच नाही. वीस मिनिटांच्या प्रकरणाला, चुका कापून, मला दोन तास लागतात. मग दुसरा स्वयंसेवक ते पूर्ण ऐकतो आणि अमुक मिनिटाला ओळ दोनदा आली आहे असे कळवतो. एकदा लॅपटॉपचाच मायक्रोफोन चालू राहिला आणि सबंध प्रकरण पुन्हा वाचावे लागले, त्या दिवशी मात्र मन खट्टू झाले होते.

एक गोष्ट मला खरोखर टोचते. या पुस्तकांत परदेशी माणूस दिसला की तो बहुधा लबाड असतो, आणि काळ्या नोकराच्या तोंडी घातलेली भाषा वाचताना जीभ अडखळते. स्ट्रॅटेमायर यांच्याच कारखान्यातल्या हार्डी बॉइज मालिकेची पुस्तके १९५९ पासून पुन्हा लिहिली गेली, त्यात असे पुष्कळ काढून टाकले, प्रकरणेही कमी केली. लिब्रिवॉक्सवर मात्र छापील मजकूर आहे तसाच वाचावा लागतो. मी बराच विचार करून असे ठरवले की, ज्या पुस्तकात अपमान हाच कथेचा आधार आहे ते घ्यायचेच नाही. आणि जिथे तो एखाद्या ओळीपुरता येतो तिथे ती ओळ नक्कल न करता, साध्या आवाजात वाचायची. हे बरोबर की चूक, यावर तुझे मत मला हवे आहे.

स्वामित्वहक्काच्या बाबतीतही मी सावध असतो. अमेरिकेत अशा जुन्या पुस्तकांसाठी प्रकाशनानंतर पंचाण्णव वर्षे मोजतात, म्हणून १९२७ची पुस्तके २०२३च्या १ जानेवारीला मोकळी झाली. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे धरतात. दोन्ही हिशेबांत बसते तेच पुस्तक मी घेतो.

आता मागणे. सध्या दीपगृहातल्या खजिन्याची एक कथा अनेक वाचक मिळून वाचत आहोत, प्रत्येकाकडे एकदोन प्रकरणे, आणि तिचे समन्वयन माझ्याकडे आहे. चोवीसपैकी बावीस प्रकरणे दिली गेली आहेत. शेवटची दोन मी अजून कोणाला दिलेली नाहीत. नव्या वाचकाला आधी मिनिटभराचा नमुना पाठवावा लागतो, तो फक्त आवाज पुरेसा आणि स्वच्छ येतो की नाही हे पाहण्यासाठी. माझा जुना मायक्रोफोन कुरिअरने पाठवतो आहे. त्याची तार जोडावर जरा सैल आहे, ती डाव्या बाजूला वळवून ठेव. पुस्तक आधी पूर्ण वाच, आणि या खेपेस शेवटची पाने जागेवर आहेत, ती मी स्वतः मोजली आहेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. नमुना झाला की कळव.

तुझा,
गच्चीवरचा श्रोता