संशोधनाचा निकाल आधी गावाला सांगा

संपादक महोदय,

आमच्या भागात अधूनमधून कुणीतरी सर्व्हेला येतंच. विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेतात, बायकांचं रक्त तपासतात, शेतकऱ्याला तासभर बसवून फॉर्म भरून घेतात, लोकं कामं सोडून बसतात, वर चहापण पाजतात. पुढे काय झालं ते गावाला कधीच कळत नाही. पेपर छापला जातो, कुणाला पीएचडी मिळते, थीसिस शोधगंगा या पीएचडी थीसिसच्या वेबसाइटवर पडून राहतो, तोही बहुतेक इंग्रजीत. आणि जिचं रक्त घेतलं त्या बाईला तुझं हिमोग्लोबिन कमी आहे एवढंही कुणी सांगत नाही, हे मला अजिबात पटत नाही.

संशोधन गावाच्या कामी येणं जमण्यासारखं नाही असं कुणी म्हणू नये, गडचिरोलीत झालंय की. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेचे पेपर लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आले, जगात नाव झालं, पण मला सगळ्यात भारी वाटतं ते त्यांचं श्वास मोजायचं साधन. लहान बाळाचा न्यूमोनिया श्वासाच्या वेगावरून ओळखता येतो, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. पण गावातल्या सुईणीला साठपर्यंत मोजताच येत नसेल तर? म्हणून त्यांनी मणी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ एकत्र बसवलं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत सहावा, लाल मणी आला तर न्यूमोनिया समजायचा. पुढे गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतात त्याची सुरुवात तिथली आहे.

माझी विद्यापीठांना एकच विनंती आहे. पीएचडीचा ओपन व्हायवा, म्हणजे सगळ्यांसमोरची तोंडी परीक्षा, होतो ना, तसाच एक जिथून डेटा नेला त्या गावच्या ग्रामसभेत घ्या, मराठीत, आणि गोंडी किंवा कोरकू बोलणारं गाव असेल तर त्यांच्या भाषेत. गाईडनेही यावं, लोकांना प्रश्न विचारू द्यावेत, पाणी खराब निघालं तर कुठली विहीर ते सरळ सांगावं. ज्याचा त्याचा तपासणी रिपोर्ट मात्र ज्याच्या त्याच्या हातात, चारचौघांत नाही. येण्याजाण्याचा खर्च आणि दोन पानी मराठी माहितीपत्रक प्रोजेक्टच्या बजेटमध्ये पहिल्यापासूनच धरा, नाहीतर शेवटी पैसे संपले म्हणून हेच राहून जातं.

– एक वाचक, यवतमाळ