तीन संख्या ‘सहमूळ’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील मुलांच्या सदरात ‘1 पेक्षा मोठ्या तीन सहमूळ संख्यांचा गुणाकार 900 आहे, तर त्या संख्या कोणत्या?’ असे कोडे आले होते आणि पुढच्या रविवारी 4, 9, 25 हे एकच उत्तर बरोबर म्हणून छापले गेले. दोन संख्यांचा मसावि, म्हणजे दोन्हींना भागणारी सर्वांत मोठी संख्या, 1 असेल तर त्यांना सहमूळ म्हणतात. माझ्या नातीने पाठवलेले 6, 10, 15 हे उत्तर चुकीचे ठरले. तिची वही मी पाहिली. तिन्ही संख्यांचे मूळ अवयव एकाखाली एक मांडून 2, 3 आणि 5 यांच्या प्रत्येक रकान्यात एक घर रिकामे राहते, हे तिने पेन्सिलीने गोल करून दाखवले होते आणि खाली ‘मसावि 1’ असे लिहिले होते. यात चूक कोणती, हे मला तिला सांगता आले नाही, कारण चूक नाहीच.

शाळेत सहमूळ संख्यांची व्याख्या दोन संख्यांपुरती शिकवतात. भास्कराचार्यांच्या कुट्टकातही, म्हणजे समीकरणाची पूर्णांक उत्तरे काढण्याच्या रीतीतही, ‘दृढ’ (सामाईक अवयव काढून टाकलेले) ही संज्ञा भाज्य आणि हार (भाजक) या दोहोंसाठीच येते. संख्या तीन झाल्या की त्याच शब्दाचे दोन अर्थ होतात: तिन्हींचा मिळून मसावि 1 असणे, किंवा त्यांतील कोणत्याही दोन संख्यांचा मसावि 1 असणे. गणितात दोन्ही अर्थ रूढ आहेत, म्हणूनच कोणता अभिप्रेत आहे ते स्पष्ट लिहावे लागते.

कोडे रचणाऱ्यांची बाजूही मी तपासली. 900 मध्ये 2, 3 आणि 5 यांचे केवळ वर्ग आहेत. एखादी मूळ संख्या तिन्ही संख्यांना भागत असती तर गुणाकारात तिचा घन आला असता. म्हणजे पहिला अर्थ घेतल्यास ‘सहमूळ’ ही अट निरुपयोगी ठरते आणि 1 पेक्षा मोठ्या तीन संख्यांच्या 26 जोडण्या उत्तर म्हणून चालतात. दुसऱ्या अर्थाने प्रत्येक वर्ग अखंडपणे एकाच संख्येत जावा लागतो, त्यामुळे 4, 9, 25 हेच उरते. 1, 4, 225 यांसारखी उत्तरे टाळण्यासाठी ‘1 पेक्षा मोठ्या’ हे शब्द मात्र काळजीपूर्वक घातलेले दिसतात. मुरलेला वाचक यावरून रचनाकाराचा हेतू ओळखील. परंतु सहावीतल्या मुलीने हेतू ओळखावा ही अपेक्षा रास्त नाही. आमच्या सोलापुरात, विशेषतः पूर्व भागात, घरी तेलुगू बोलून शाळेत मराठीतून गणित शिकणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांच्या हाती प्रश्नातले छापील शब्द एवढाच आधार असतो.

‘ज्यांपैकी कोणत्याही दोन संख्या सहमूळ आहेत अशा 1 पेक्षा मोठ्या तीन संख्यांचा गुणाकार 900 आहे’ अशी दुरुस्ती येत्या रविवारी त्याच सदरात छापावी आणि तिन्हींचा मसावि 1 धरून आलेली उत्तरेही बरोबर उत्तरांत घ्यावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
साखर पेठ, सोलापूर