माकार्फीच्या गुऱ्हाळावरून

झारिया, नायजेरिया
१४ जानेवारी

प्रिय दिल्या,

तिळगूळ घे आणि गोड बोल. पोस्टानं पाठवता आला असता तर खरंच पाठवला असता, कारण यंदाचा माझा तिळगूळ सगळा इथला आहे. तीळ इथले आणि गूळही इथलाच. हो, गूळ! सांगतो.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, "ऊस पिकतो म्हणतोस, मग तो देश साखर बाहेरून का आणतो? आणि आणायचीच आहे तर तुला कशाला ठेवलाय?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मलाही रोज सापडतंच असं नाही. पहिल्याचं थोडं सापडलं, तेही आमच्या साखर कारखान्याच्या फाटकाबाहेर पडल्यावर.

आमच्या लॅबमधल्या पोराच्या बहिणीचं लग्न होतं, म्हणून चार दिवस सुट्टी काढून झारियाला आलो. सध्या हरमटानचे दिवस. सहाराकडून कोरडा वारा येतो, सगळं धुळीनं पांढुरकं दिसतं, ओठ फुटतात. स्टँडवर उतरलो तर ओळीनं उसाच्या हातगाड्या. हौसा भाषेत उसाला 'राके' म्हणतात. गाडीवाला पोरगा लांब पात्याच्या सुरीनं वरपासून खालपर्यंत साल उतरवतो, पेराच्या गाठी उडवतो आणि मधल्या गराचे घासाएवढे तुकडे करून प्लास्टिकच्या पिशवीत भरतो. ड्रायव्हर, शाळेतली पोरं, बाजारातल्या बायका, सगळे ती पिशवी घेऊन चघळत चाललेले. चोथ्याचा सडा पडलेला.

ऊस कसा? जाड, ठिसूळ, पाणीदार. आपल्या लहानपणीचा पुंड्या आठव. सवयीनं रसाची गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर बॅगेत होताच, दोन थेंब टाकून पाहिले. ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या साखरेचा शेकडा अंदाज, १६ च्या आत. गाडीवाल्याला वाटलं, हा सरकारी माणूस दंड करायला आलाय! आमच्या कारखान्यात हा ऊस आला तर शेतकी अधिकारी मोळी परत पाठवील. पण चघळायला कारखान्याचा कडक को ८६०३२ वाणाचा ऊस देऊन बघ कुणाला, दात हातात येतील.

हा ऊस कारखान्यासाठी लावलेलाच नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला दोन हंगाम लागले. तो होतो 'फदामा'त. फदामा म्हणजे आपली गाळपेर समज. ओढ्या-नदीकाठची, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी आणि नंतर महिनोन् महिने ओल धरणारी जमीन. एका बाजूला कांदा, टोमॅटो, मिरची, मध्ये उसाचा पट्टा आणि पेट्रोलवर चालणारा छोटा पाण्याचा पंप फटफटतोय. व्यापारी येतो, उभा फड बघतो, भाव ठरतो, नोटा मोजतो. तोडही त्याचीच. कारखान्याकडं तुझं उसाचं बिल किती महिने अडकलंय हे मी तिथल्या एका म्हाताऱ्याला सांगितलं. त्यानं विचारलं, "मग ऊस दिलास कशाला?" काय सांगणार कप्पाळ!

आता साखरेचं. वीस कोटींहून जास्त लोकांचा हा देश वर्षाला साधारण १५ लाख टन साखर खातो. तिच्यातली बहुतेक ब्राझीलमधून कच्च्या रूपात जहाजानं लेगॉसला येते आणि तिथल्या बंदराजवळच्या रिफायनऱ्यांत शुभ्र होऊन देशभर जाते. प्रयत्न केले नाहीत असं नाही. नायजर नदीकाठी बासिता इथं १९६४ साली साखर निघायला लागली होती. तो कारखाना पुढं बसला. पूर्वेकडं नुमानचा कारखाना किरी धरणाच्या पाण्यावर चालतो. २०१३ पासून दहा वर्षांची राष्ट्रीय योजना आखली. कच्च्या साखरेची आयात सवलत हवी असेल तर आधी उसाच्या शेतीत पैसा घाला, अशी अट. उद्दिष्ट वर्षाला १७ ते १८ लाख टनांचं. दहा वर्षं संपली तरी देशभरच्या उसातून निघालेली साखर आपल्याकडच्या एका चांगल्या कारखान्याच्या हंगामाएवढीही भरली नव्हती. मग मुदत आणखी दहा वर्षं वाढवली. कारखाना उभा करणं सोपं रे. हजारो हेक्टर सलग जमीन, बारमाही पाणी, रस्ते, आणि जमीन आमची म्हणणारी गावं, वाटेत गुरं घेऊन फिरणारे फुलानी गुराखी, हे सगळं जुळायला हवं. शेतकऱ्यांनी स्वतःच कारखाने काढले हा आपला प्रकार इथं सांगितला की लोक माझ्याकडं संशयानं बघतात.

असो. गुळाचं सांगायचं राहिलं. लग्नात बाजरीची 'कुनू' प्यायलो, पातळ पेजेसारखी. गोडी ओळखीची वाटली. विचारलं, तर आतून एक तपकिरी ढेप आणून दाखवली. 'माझारक्वाईला' म्हणाले. फोडली, हुंगली, आणि दिल्या, मी थेट तुझ्या चुलवणापाशी! दुसऱ्याच दिवशी माकार्फीला गेलो. झारियाच्या उत्तरेला आहे, या गुळासाठीच नावाजलेलं. डिझेल इंजिनावर चरक, शेजारी काहील, खाली चिपाडाचा जाळ. 'सन्नू दा ऐकी' म्हणालो, म्हणजे काम करणाऱ्याला करतात तो नमस्कार, आणि उकिडवा बसलो. गुळव्या बोलत नव्हता, फक्त बुडबुडे बघत होता. मग झाऱ्यावरचा थेंब पाण्यात टाकला, बोटांनी गोळी केली. अगदी तुझ्या बापूंसारखी. मी न विचारता म्हणालो, "झाला." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि जाळ ओढायला सांगितला.

गूळ काळपट होता, थोडा खारट. दोन किलो घेतला. तिळाला 'रिदी' म्हणतात, तो इथं ढिगानं पिकतो आणि परदेशीही जातो. बाजारात तिळाची वडी मिळते, 'कांतू', आपली चिक्कीच, फक्त साखरेतली. बाकी साखरेला एक मान आहे. दुकानातल्या साखरेत अ जीवनसत्त्व घालणं इथं कायद्यानं सक्तीचं आहे, कारण ती गरिबाच्या पेजेतही पडते. महिन्याभरात रमजान येईल, संध्याकाळी उपास सोडताना कुनू लागते, मग साखर आणि राके दोन्हींचे भाव चढतात.

आता काम. माकार्फीत मी होतो तोवर ते नुसती झाऱ्यानं मळी काढत होते, त्यामुळं गूळ काळा राहतो. मळी नीट वर यावी म्हणून मी भेंडीच्या खोडांचं चिकट पाणी सुचवलं, तर सगळे हसले, कारण भेंडी त्यांच्या रोजच्या कालवणात असते आणि परसापरसात लावलेली. पण ती भाजीची. तू रानभेंडी वापरतोस ना? बापूंना विचार, भाजीच्या भेंडीची खोडं चालतील का, एका काहिलीला किती लागतात आणि रस कितपत तापल्यावर पाणी ओतायचं. गुरुवारी मी परत तिकडून जाणार आहे, त्याआधी कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुऱ्या